सूरमधल्या घराला ठिबक: खर्च कुठे करावा, कुठे वाचवावा

ओमानमधल्या सूरला नव्याने आलेल्या मराठी कुटुंबाचा दोन-तीन महिन्यांत एक फोन हमखास येतो. तोवर घर लागलेलं असतं, मुलं शाळेत रुळलेली असतात, अंगणात दहा-बारा कुंड्या झालेल्या असतात आणि उन्हाळा तोंडावर आलेला असतो. "ताई, घरी ठिबक बसवायचं तर किती रियाल लागतील?" मी आधी उलट दोन प्रश्न विचारते. गच्चीवरची टाकी अंगणातल्या नळापेक्षा किती उंच आहे? आणि त्या नळाला पंपाचं पाणी येतं की नुसतं टाकीतून उतरतं?

विचारणाऱ्याला आकडा हवा असतो, हे मला कळतं. पण आकडा या दोन उत्तरांवरच ठरतो. पहिल्या वर्षी मी ही उत्तरं न शोधताच सामान आणलं होतं. छान खोक्यातला तयार संच, त्यात टायमर, नळ्या, ड्रिपर, सगळं. दुपारभर राबून जोडला, आणि शेवटच्या सहा कुंड्यांपर्यंत पाण्याचा थेंब पोचेना. संचात काही खोट नव्हती. माझ्या नळाला त्याला लागेल एवढा दाब नव्हता.

मी मूळची रावेर तालुक्यातली. वडिलांना केळीला रात्री-अपरात्री दारं धरायला जावं लागायचं, ते ठिबक आल्यावर थांबलं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. त्यामुळे ठिबक आपल्याला कळतं असं मला वाटत होतं. पण शेतातलं ठिबक विहिरीवरच्या मोटारीच्या जोरावर चालतं आणि घरातलं गच्चीवरच्या टाकीच्या. हा फरक लक्षात यायला मला एक उन्हाळा लागला. तुमचा उन्हाळा वाया जाऊ नये म्हणून हा लेख.

आधी दाब मोजा

उंचीचा हिशेब अगदी सोपा आहे. पाण्याच्या दर १ मीटर उंचीमागे सुमारे ०.१ बार दाब मिळतो. एकमजली घराच्या गच्चीवरची टाकी नळापेक्षा ४ मीटर वर असेल तर तुमच्याकडे ०.४ बार आहेत. साधा ड्रिपर त्याच्यावर लिहिलेलं पाणी साधारण १ बार दाबाला देतो. म्हणजे तासाला ४ लिटरचा ड्रिपर ०.४ बारला तासाला अडीच लिटरच्या आसपास पाणी टाकेल. पाणी कमी पडलं, पण पडलं. वेळ दीडपटीहून थोडी जास्त ठेवली की काम झालं. म्हणून एकमजली घरात केवळ ठिबकसाठी पंप विकत घेऊ नका. पंपाला पैसे लागतात, वीज लागते, आणि तो बिघडतो तेव्हा तुम्ही बहुतेक भारतात असता.

दुकानदार तुम्हाला 'प्रेशर कॉम्पेन्सेटिंग' ड्रिपर दाखवेल. त्याच्या पोटात रबराचा पातळ पडदा असतो. दाब कमी-जास्त झाला तरी तो पाणी सारखं सोडतो, आणि साध्या ड्रिपरपेक्षा महाग असतो. चढउताराच्या जमिनीत किंवा लांबलचक नळीवर तो सोन्यासारखा आहे. पण त्याला काम करायला निदान अर्धा ते एक बार दाब लागतो. नुसत्या टाकीवर चालणाऱ्या घरात तो पडदा हलतच नाही. तिथे साधा ड्रिपरच घ्या. शक्यतो उघडून धुता येणारा.

टायमरची गोष्ट याहून महत्त्वाची. बॅटरीवर चालणारे नळाचे टायमर दोन जातींचे असतात. एकात पाण्याच्या दाबाने हलणारा पडदा असतो. त्याला स्वतःला उघडायलाच साधारण अर्धा बार दाब हवा. दुसऱ्यात छोटी मोटर असते आणि ती बॉल व्हॉल्व्ह फिरवते. हा शून्य दाबालाही उघडतो. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, किमतीतही फार अंतर नसतं. खोक्यावर कमीत कमी दाब किती लागतो ते वाचा. लिहिलेलं नसेल तर दुकानातच बॅटरी घालून चालू करून पाहा. नुसती 'टक्' अशी आवाजाची चुटकी आली तर पडद्याचा. दोन-चार सेकंद 'घर्र' असा मोटारीचा आवाज आला तर बॉल व्हॉल्व्हचा. टाकीवर चालणाऱ्या घराने हा दुसराच घ्यायचा. माझ्या पहिल्या संचात पडद्याचा टायमर होता, एवढंच त्या सहा कुंड्यांचं दुखणं होतं.

आता पंपाच्या घरांचं. इथल्या बऱ्याच व्हिलांमध्ये नळ उघडला की आपोआप चालू होणारा पंप असतो. तुम्हाला वाटेल, मग काय, दाबच दाब. पण ठिबकला तासाला शंभर-सव्वाशे लिटर पाणी लागतं. एवढ्याशा ओढीने पंप चालू होतो, लगेच बंद होतो, पुन्हा चालू होतो, आणि तासभर हेच चालतं. पंपाचं आयुष्य त्यात जातं आणि पहाटे घरातल्यांची झोपही. शिवाय दाब दोन-तीन बार असेल तर नळ्या जोडांतून निसटतात. यावरचा सगळ्यांत स्वस्त उपाय म्हणजे अंगणातली ओळ पंपाच्या आधीच्या पाइपाला जोडून घेणं. म्हणजे बाग टाकीवर आणि घर पंपावर. प्लंबरचं तासाभराचं काम आहे. घर भाड्याचं असेल तर घरमालकाला आधी विचारा. मला आजवर भेटलेल्या सूरच्या घरमालकांना झाडांचं कौतुकच असतं, नाही कोणी म्हटलेलं नाही. ते जमणारच नसेल तर दाब १ बारपर्यंत उतरवणारा रेग्युलेटर घ्यावा लागेल.

शेवटी बादली. नळाखाली १५ लिटरची बादली ठेवा आणि ती भरायला किती वेळ लागतो ते मोजा. एक मिनिट लागलं तर नळ तासाला ९०० लिटर देतो. घरच्या बागेला हे भरपूर झालं. पाच मिनिटं लागली तर तासाला १८० लिटर, म्हणजे जेमतेम. अशा वेळी बागेचे दोन भाग करून दोन वेळांना पाणी द्यावं लागेल, आणि त्याप्रमाणे दोन तोंडांचा टायमर.

झाडांना किती पाणी हवं

सूरच्या नळाला येणारं पाणी समुद्राचं असतं. किनाऱ्यातल्या विहिरींतून खारं पाणी उपसून ते गोडं करणारा मोठा प्रकल्प इथे २००९ पासून चालू आहे. अशा प्रकारे १ घनमीटर, म्हणजे १००० लिटर, पाणी गोडं करायला साधारण ३ ते ४ युनिट वीज जाते. माती थोडी ओली दिसावी म्हणून आपण पाइप धरून उभे राहतो तेव्हा हे लक्षात असू द्यावं, असं मला मनापासून वाटतं. या मुलखाने पाणी नेहमीच मोजून वापरलंय. २००६ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या ओमानच्या पाच फलजांपैकी, म्हणजे पाण्याच्या जुन्या पाटांपैकी, अल-जीला हा फलज सूरच्याच विलायतेत, म्हणजे तालुक्यात आहे. फलजाचं पाणी गावात घटका मोजून वाटलं जातं. पूर्वी दिवसा सावलीवरून आणि रात्री ताऱ्यांवरून वेळ ठरायची. आपल्याकडे पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर फड पद्धतीत पाटकरी पाळीपाळीने पाणी सोडतो, त्याचंच हे लांबचं भावंड. घरच्या टायमरवर मिनिटं लावताना मला दोन्ही आठवतात.

मोजायचं कसं? १ चौरस मीटर जमिनीवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर १ लिटर. सूरच्या कडक उन्हाळ्यात हिरवीगार झाकलेली जमीन दिवसाला ८ मिलिमीटरच्या आसपास पाणी उडवते असं धरा, आणि डिसेंबर-जानेवारीत त्याच्या निम्मं. आता एक बाग घेऊ. ही साधारण माझीच आहे, आकडे सोपे केलेत.

२० मोठ्या कुंड्या: मोगरा, तुळस, जास्वंद, मिरची, पुदिना. मोठ्या कुंडीला उन्हाळ्यात दिवसाला २ लिटर धरले तर ४० लिटर. जमिनीत ४ झाडं: दोन लिंबं, एक शेवगा, एक कढीपत्ता. दीड मीटर पसरलेल्या लिंबाच्या सावलीखाली पावणेदोन चौरस मीटर जमीन येते. आठाने गुणलं तर १४ लिटर. पण झाड सगळी जमीन झाकत नाही, त्याला सत्तर टक्के पुरतात, म्हणजे १० लिटर. त्यावर क्षार खाली ढकलायला पाचवा हिस्सा जास्त, म्हणजे १२ लिटर. चारही झाडांना तेवढंच दिलं तर ४८. आणि ४ मीटर लांब, १ मीटर रुंद असा भेंडी-गवारीचा वाफा, त्याला ३२ लिटर. एकूण दिवसाला १२० लिटर. महिन्याला ३६०० लिटर, म्हणजे ३.६ घनमीटर.

याच बागेला मी पूर्वी रोज अर्धा तास पाइप धरायची. तासाला ९०० लिटरचा नळ, म्हणजे रोज ४५० लिटर आणि महिन्याला साडेतेरा घनमीटर. फरक महिन्याला जवळपास १० घनमीटरचा. तुमच्या पाण्याच्या बिलावरच्या एकूण रकमेला वापरलेल्या घनमीटरनी भागा. जो दर येईल त्याला दहाने गुणा. ठिबक तुम्हाला उन्हाळ्यातल्या एका महिन्यात किती परत देईल ते कळेल. बागेवर किती खर्च करायचा हे दुकानदाराला विचारण्याआधी हा आकडा काढून ठेवा.

ज्यांच्या अंगणात विहिरीचं किंवा बोअरचं पाणी आहे, त्यांनी ते आधी तपासावं. पाण्यातले क्षार मोजायची पेनसारखी छोटी यंत्रं मिळतात, त्यांवर टीडीएसचा आकडा येतो. ५०० पर्यंत कशालाही चालतं. ७००-८०० च्या पुढे लिंबू आणि घेवडा कुरकुरायला लागतात. २००० च्या पुढे गेलात तर खजुराची झाडं लावा आणि बाकीच्यांना नळाचं पाणी द्या. सूरच्याच बिलाद सूर भागातल्या बागांत खजूरच का उभा दिसतो, त्यामागे हेही एक कारण आहे. एवढ्या खाऱ्या पाण्यावर तग धरणारी फळझाडं थोडीच.

बिल

आता रियालचा हिशेब. खालचे दर हिशेब दाखवायला अदमासाने धरलेले आहेत. दुकानागणिक, मालागणिक ते खाली-वर होतील. पण कशाला किती वाटा जातो, हे फारसं बदलणार नाही.

बॉल व्हॉल्व्हचा टायमर साडेनऊ रियाल. पाऊण इंची चकत्यांचा फिल्टर अडीच रियाल. उलटं पाणी रोखणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह १ रियाल २०० बैसा. १६ मिलिमीटरची काळी नळी, आपल्याकडे जिला लॅटरल म्हणतात, ती ४० मीटर, मीटरला १२० बैसांनी ४ रियाल ८०० बैसा. वाफ्यासाठी आतच ड्रिपर असलेली इनलाइन नळी १० मीटर, दीड रियाल. ड्रिपर ३२ लागतात, ४० घ्यावेत, दोन रियाल. कुंड्यांपर्यंत जाणारी ४ मिलिमीटरची मायक्रो ट्यूब २५ मीटर, एक रियाल. टी, एल्बो, जॉइनर, शेवटच्या टोप्या, खुंट्या, भोक पाडायचा पंच, टेफलॉन टेप असं किरकोळ सामान तीन रियाल. बेरीज साडेपंचवीस रियाल. त्यावर ५ टक्के व्हॅट धरून २६ रियाल ७७५ बैसा. रियाल सव्वादोनशे रुपयांच्या आसपास धरला तर सहा हजार रुपये. पंपाचं घर असेल तर रेग्युलेटरचे आणखी दोन रियाल.

या बिलात नळीचा आणि ड्रिपरचा मिळून वाटा साडेनऊ रियालहून कमी आहे. एकट्या टायमरला तेवढेच लागले. माणसं नेमकं उलटं करतात. नळी आणि ड्रिपर भारीतले घेतात, फिल्टर वगळतात आणि टायमर सर्वांत स्वस्त उचलतात. नळी फाटली तर दिसते आणि चार बैसांच्या जॉइनरने सांधता येते. टायमर अडकला तर कळत नाही, आणि कळतं तेव्हा झाडं गेलेली असतात.

फिल्टरबद्दल थोडं जास्त सांगते, कारण "नळाचं पाणी स्वच्छच आहे की" हे मी फार ऐकलंय. नळाचं पाणी स्वच्छ आहे, गच्चीवरची टाकी नाही. तिच्या तळाशी वाऱ्याने आलेली बारीक धूळ बसलेली असते, आणि झाकण नीट बसत नसेल तर उजेड जाऊन शेवाळही धरतं. ड्रिपरची वाट सुईच्या भोकाएवढी. १२० मेशचा फिल्टर ही घाण अडवतो. तो टायमरच्या आधी लावायचा, म्हणजे टायमरही वाचतो. पाण्यात चुनखडी असेल, म्हणजे विहिरीचं पाणी असेल, तर ड्रिपरच्या तोंडाशी पांढरा थर जमतो. असे ड्रिपर काढून रात्रभर साध्या व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा, सकाळी धुवा. नवे घ्यायची गरज नाही. मायक्रो ट्यूब काळीच घ्या. पांढऱ्या, आरपार दिसणाऱ्या नळीत शेवाळ वाढतं.

नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह ठिबक चालावं म्हणून लागत नाही, म्हणून तो कुणी सुचवत नाही. पण नळ्या कुंडीतल्या शेणखतात पडलेल्या असतात आणि त्याच पाइपातून तुमच्या स्वयंपाकघरात पाणी जातं. टाकी रिकामी झाली तर नळीतलं पाणी मागे ओढलं जाऊ शकतं. एक रियाल २०० बैसा. यात काटकसर करू नका.

सुट्टीहून परतताना जळगावहून ड्रिपर आणि जोड आणणारी मंडळी मला माहीत आहेत. मीही आणते. माल चांगला असतो आणि स्वस्त पडतो. मात्र एक बघा. १६ मिलिमीटर हे नळीचं बाहेरचं माप आहे, आतलं माप कंपनीगणिक थोडं बदलतं. जोड सैल बसला तर पहाटे दाब आला की निघतो. निघताना इथल्या नळीचा बोटभर तुकडा खिशात ठेवा आणि जोड त्यावर बसवून मगच घ्या. नळी तिकडून आणू नका, बॅगेतलं वजन खाते. आणि घरी १२ मिलिमीटरच्या लॅटरलचं जुनं बंडल पडलं असेल तर ते इथल्या जोडांना उपयोगाचं नाही.

मजुरी मी धरलेली नाही. या आकाराच्या बागेला दोघांना एक शुक्रवार पुरतो. नळी सकाळी उन्हात पसरून ठेवा, तासाभरात मऊ होते आणि जोड सहज बसतात. ड्रिपर बसवायच्या आधी टोप्या न लावता पाणी सोडा, म्हणजे कापताना आत गेलेला कचरा बाहेर पडेल. कुंडीला तासाला २ लिटरचा एकेक ड्रिपर. झाडाला ४ लिटरचे तीन, बुंध्याला चिकटून नाही तर फांद्यांच्या टोकाखाली, तीन दिशांना. वाफ्यात इनलाइनच्या दोन ओळी, ड्रिपरमधलं अंतर अर्धा मीटर. अशी मांडणी केली की सगळी बाग तासाला १२० लिटर घेते, आणि दिवसाची गरजही तेवढीच आहे. म्हणजे १ बार दाबाला एक तास, टाकीच्या ०.४ बारला सुमारे ९५ मिनिटं. एकच टायमर, एकच वेळ. वेगवेगळ्या झाडांसाठी वेगळ्या वेळा लावण्यापेक्षा ड्रिपरची संख्या बदलणं केव्हाही सोपं आणि स्वस्त.

वर्षाला मग बॅटऱ्या, पाच-दहा ड्रिपर आणि दोन-चार जोड, एवढाच खर्च राहतो. दोन-तीन रियाल पुष्कळ झाले.

पाणी पहाटेच

जूनमध्ये इथे गार पाण्याचा नळ उघडला की चटका बसतो, आणि घरोघर गीझर बंद करून त्यातलं पाणी गार म्हणून वापरतात, हे नव्याने आलेल्यांना पहिल्याच उन्हाळ्यात कळतं. तेच पाणी झाडांच्या मुळांशी जातं, हे मात्र विसरायला होतं. संध्याकाळी टाकी सर्वांत तापलेली असते. रात्रभर ती थोडी निवते. म्हणून पाणी पहाटे द्या. मी चार वाजता अर्धं आणि सहाच्या सुमाराला अर्धं देते. कुंडीला एकदम सगळं दिलं तर तळातून वाहून जातं, दोन हप्त्यांत दिलं तर माती धरून ठेवते. नळी उघडी ठेवू नका. उन्हात पडलेल्या काळ्या नळीतलं पाणी हात भाजेल इतकं तापतं. वर वाळलेल्या झावळ्या किंवा खडी पसरा. झावळ्या इथे कुठेही मागितल्या तर मिळतात. त्यांच्या आच्छादनाने ओलही टिकते, म्हणजे हा ठिबकमधला एकमेव फुकटचा भाग.

दुसरी गोष्ट क्षारांची. ठिबकने माती कांद्यासारखी गोल भिजते आणि त्या गोलाच्या कडेला क्षार साठत जातात. मातीवर पांढरी कड दिसते ती हीच. महिन्यातून एकदा टायमर हाताने चालू करून दुप्पट वेळ पाणी सोडा, म्हणजे क्षार खाली जातील. आणि हे नीट लक्षात ठेवा: सूरला पाऊस वर्षातून मोजके दिवस पडतो, तेव्हा आनंदाने ठिबक बंद करू नका. हलका पाऊस कडेचे क्षार विरघळवून थेट मुळांकडे नेतो. पाऊस पडत असताना ठिबक चालू ठेवलं तर ते मुळांपासून लांब राहतात. माझं एक लिंबू अशाच शिडकाव्यानंतर आठवडाभरात पानं टाकून बसलं होतं.

नवी माती भरत असाल तर क्षार नसलेली वाळू मागा. आखातात बागकाम करणारे तिला 'स्वीट सँड' म्हणतात. बांधकामाची वाळू स्वस्त मिळते, पण ती किनाऱ्याकडची असेल तर वर्षभर तिचं मीठच धूत बसाल. खताचं सांगायचं तर इथे आपल्या इफ्को आणि कृभको यांच्या भागीदारीचा युरियाचा मोठा कारखाना आहे, आणि सूरमध्ये मराठी घरं दिसतात त्याचं तेही एक कारण. तरी घरच्या ठिबकमधून युरिया सोडायच्या भानगडीत पडू नका. शेणखत आणि पातळ केलेलं ताक-गूळ कुंडीत वरून घाला. ड्रिपरमधून फक्त पाणी जाऊ द्या.

सुट्टीला जाताना

खरं तर बहुतेकजण ठिबक याचसाठी बसवतात. शाळा बंद होते, आपण दीड-दोन महिने गावी, आणि इथे वर्षातलं सर्वांत कडक ऊन.

टायमर जाण्याच्या निदान दोन आठवडे आधी चालू करा आणि त्या दोन आठवड्यांत पाइपला हात लावू नका. कोणतं झाड माना टाकतं, कुठला ड्रिपर आंधळा आहे, ते याच दिवसांत कळेल. बॅटऱ्या नव्या घाला, आणि टायमर सावलीत असू द्या. भिंतीवर पश्चिमेचं ऊन येत असेल तर त्याच्यावर पुठ्ठ्याची टोपी करून बसवा. सगळ्या कुंड्या सावलीत एकमेकींना चिकटून ठेवा. भाजीचा वाफा मे महिन्यात मोडून टाका. इथे भाजीचा हंगाम ऑक्टोबर ते एप्रिल, जुलैत भेंडी जगवण्यात हशील नाही. वाफ्याची ओळ बंद केली की रोजची गरज ८८ लिटरवर येते.

आता सर्वांत महत्त्वाचं, आणि हे मी दुसऱ्या वर्षी चार झाडं घालवून शिकले. दार लावताना आपण सवयीने घराचा मेन स्विच खाली करतो. मीही केला. टायमर बॅटरीवरचा होता, तो रोज पहाटे इमानेइतबारे उघडत राहिला. पण खालच्या टाकीतून गच्चीवर पाणी चढवणारा पंप विजेवर चालतो, आणि वरची टाकी पंधरा-सोळा दिवसांत संपली. परत आलो तेव्हा कढीपत्त्याच्या काटक्या हाताने मोडत होत्या. त्याला तीन वर्षं जपलं होतं. तेव्हा मेन स्विच चालू ठेवून बाकीचे एकेक स्विच बंद करा, आणि पंपाचा तेवढा चालू ठेवा. तसंच गळतीच्या भीतीने मीटरजवळचा व्हॉल्व्ह बंद करू नका. त्याऐवजी बेसिनखालचे, गीझरचे, धुण्याच्या यंत्राचे व्हॉल्व्ह बंद करा. टाकीला पाणी येत राहिलं पाहिजे.

टँकरवर चालणाऱ्या घरांनी सरळ भागाकार करावा. २००० लिटरची टाकी, दिवसाला ८८ लिटर, म्हणजे २२ दिवस. सुट्टी ४५ दिवसांची असेल तर मध्ये दोनदा टँकर सांगून जावं लागेल, किंवा ज्या झाडांवाचून चालत नाही तेवढ्यांवरच ओळ ठेवून बाकीच्या कुंड्या मागे राहणाऱ्या मैत्रिणींकडे पोचवाव्या लागतील. आणि टायमर कितीही चांगला असला तरी कुणाला तरी चार-पाच दिवसांनी फाटकातून डोकावायला सांगा. आमच्या शेजारच्या मल्याळी वहिनी जातात तेव्हा मी बघते, मी जाते तेव्हा त्या बघतात. बघायचं एवढंच की फाटकाजवळच्या पहिल्या कुंडीची माती आणि लांबच्या शेवटच्या कुंडीची माती, दोन्ही ओल्या आहेत का. पहिली ओली आणि शेवटची कोरडी असेल तर फिल्टर तुंबला किंवा टाकी खाली गेली. दोन्ही कोरड्या असतील तर बॅटरी.

परत आल्यावर बॅगा उघडण्याआधी नळ्यांच्या शेवटच्या टोप्या काढा आणि टायमर हाताने चालू करा. दीड महिन्याचा गाळ आधी तांबूस येईल, मग पाणी निवळ होईल. तोवर वाहू द्या, मग टोप्या लावा आणि फिल्टरच्या चकत्या सोडवून ब्रशने धुवून टाका.